‘हात सैल सोड’ : पुण्यातील एका सोशलमधील तक्रारीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण पुण्याच्या पश्चिम भागात, बाणेर-बालेवाडीच्या बाजूला एका इमारतीच्या गच्चीवर दर दुसऱ्या रविवारी होणाऱ्या साल्सा आणि बचाता या जोडीनृत्यांच्या सोशलमधले आहे. नाचताना नको असलेली जवळीक झाल्याची एका तरुणीची तक्रार होती. घटनेनंतर आयोजकांनी तीन जणांची चौकशी समिती नेमली होती आणि तिच्यात मी होते. त्यामुळे पुढे लिहिलेले बहुतेक सारे त्या कामात ऐकलेले, पाहिलेले आणि कागदावर उतरवलेले आहे. तक्रारदार तरुणीच्या लेखी संमतीनेच हे लिहिले असून तिची, ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्या गृहस्थांची आणि आयोजकांची ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. तसे पाहता प्रकरण मोठे नाही. कोणाला रुग्णालयात दाखल करावे लागले नाही, पोलिसांत फिर्यादही झाली नाही. परंतु त्या संध्याकाळपासून पुढच्या आठ दिवसांत जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर चूक झाली, आणि त्यातली एकही चूक वाईट हेतूनेच झाली असे म्हणता येत नाही. म्हणूनच ते सविस्तर मांडावेसे वाटले.

जोडीनृत्याशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. सोशल म्हणजे स्पर्धाही नव्हे आणि क्लासही नव्हे. लोक प्रवेशशुल्क भरून येतात, डीजे गाणी लावतो, आणि साधारण चार मिनिटांच्या प्रत्येक गाण्याला जोडीदार बदलतो. जोडीतला एक जण लीड करतो, म्हणजे पुढची हालचाल सुचवतो, आणि दुसरा ती ओळखून फॉलो करतो. बहुतेक वेळा पुरुष लीड आणि स्त्री फॉलो करते, पण तसाच नियम नाही. या दोघांमध्ये शब्द जवळजवळ नसतात. तळहातावरचा दाब, पाठीवरच्या हाताची दिशा आणि शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर जाण्याची वेळ, एवढ्यावर सगळे चालते. अनुभवी लीड दोन बोटांच्या इशाऱ्यावर समोरच्या व्यक्तीला दोन गिरक्या घ्यायला लावतो आणि तिचे वजन कोणत्या पायावर आहे हे डोळे मिटूनही सांगू शकतो. ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदवत आहे, कारण पुढे सगळे प्रकरण तिच्यावरच येऊन ठेपले.

दुसरी बाब बचाताची. हे संगीत आणि नृत्य मूळ डॉमिनिकन प्रजासत्ताकातले. युनेस्कोने २०१९ मध्ये त्याचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत समावेश केला. परंतु पुण्यातल्या सोशलमध्ये आज बचाता या नावाखाली जे नाचले जाते, त्याचा बराचसा भाग स्पेनमध्ये वाढलेल्या ‘सेन्शुअल’ शैलीतून आलेला आहे. तिच्यात धडाच्या लाटेसारख्या हालचाली असतात आणि दोघांमधले अंतर बऱ्याचदा उरतच नाही. म्हणजे एकाच गाण्यावर उभ्या राहिलेल्या दोघांच्या मनात ‘बचाता’ या शब्दाचे दोन वेगळे अर्थ असू शकतात, एकाचा हातभर अंतराचा आणि दुसऱ्याचा अंतरच नसलेला. गाणे सुरू होण्यापूर्वी हा प्रश्न कोणी विचारत नसे, कारण विचारणे अरसिकपणाचे मानले जाई.

जागा आणि वेळ

ध्वनी प्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्या जागी ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. गच्चीवरच्या सोशलला त्यामुळे दहा ही लक्ष्मणरेषा असते. नियम योग्यच आहे. खाली राहणाऱ्यांना सोमवारी सकाळी कामावर जायचे असते. मात्र त्याचा एक परिणाम फारसा कोणी लक्षात घेतलेला नव्हता. हिंजवडी आणि खराडीकडची मंडळी वाहतुकीतून वाट काढत साडेआठपर्यंत पोहोचतात, आणि नऊ ते दहा या एका तासात सगळ्यांनाच सगळी गाणी हवी असतात. त्या संध्याकाळी साधारण वीस फूट बाय तीस फूट जागेत शेवटच्या अर्ध्या तासात बावीस जोड्या होत्या, म्हणजे प्रत्येक जोडीच्या वाट्याला सत्तावीस चौरस फूट. साल्सात दोघे एका लांबट पट्ट्यात पुढे-मागे येतात आणि त्याला सहा-सात फूट लांबी सहज लागते. साधी मूळ पावले आणि एखादी गिरकी एवढ्या जागेत बसते, पण हात पसरणे, लांब पावले टाकणे किंवा कोणाला खाली झुकवणे बसत नाही. त्यात फरशी गुळगुळीत टाइल्सची होती आणि बूट सरकत नाहीत म्हणून कोणीतरी कोपऱ्यात टाल्कम पावडर टाकली होती. ती तासाभरात सर्वत्र पसरली.

मद्य नव्हते. हे प्रकरण ऐकणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारतो, म्हणून सांगितले. लिंबू सरबत आणि कोल्ड कॉफी होती.

त्या दोन गाण्यांत काय झाले

तक्रारदार तरुणी सत्तावीस वर्षांची, नोकरीनिमित्त दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरहून पुण्यात आलेली. पाच महिन्यांपासून ती नवशिक्यांच्या वर्गात शिकत होती आणि हा तिचा चौथा सोशल होता. ते गृहस्थ चाळिशीतले, नऊ-दहा वर्षे नाचणारे. आयोजकांचे पगारी शिक्षक ते नव्हते, पण नवशिक्यांच्या वर्गात लीड कमी पडले की मदतीला उभे राहत. त्यामुळे वर्गातली सर्व मुले-मुली त्यांना ‘सर’ म्हणत. जोडीनृत्याच्या वर्तुळात वयाने कितीही अंतर असले तरी नावाने आणि अरे-तुरेने बोलण्याची पद्धत आहे. हे ‘सर’ त्याला अपवाद होते.

पावणेदहाच्या सुमारास त्यांनी तिला बचातासाठी बोलावले. बोलावले म्हणजे हात पुढे केला. तिने हात दिला. पहिल्या काही मात्रांनंतर त्यांनी तिला जवळ घेतले. बचातात फॉलो करणाऱ्याचा डावा हात लीडच्या खांद्यावर असतो, आणि अंतर हवे असेल तर तोच हात खांद्याच्या पुढच्या बाजूला आणून कोपर किंचित ताठ ठेवले की समोरच्याला समजते. वर्गात तिला हे शिकवलेले होते आणि तिने अगदी तसेच केले. ते काही क्षण मागे सरले आणि पुन्हा जवळ आले. तिने पुन्हा हात ताठ केला. तेव्हा त्यांनी हसून सांगितले, “हात सैल सोड. एवढी ताठ राहिलीस तर लीड कसं कळणार?” तिने हात सैल सोडला. पुढची दोन-अडीच मिनिटे त्यांचा उजवा हात पाठीच्या वरच्या भागावरून बराच खाली होता आणि मांडीला मांडी लागलेली होती. मध्ये एकदा ती म्हणाली, “सर, जरा लांबून करूया का?” त्यावर ते म्हणाले, “लांबून बचाता होतच नाही.”

गाणे संपल्यावर जोडीदाराचे आभार मानून त्याला मोकळे करायचे, ही सोशलमधली सगळीकडे पाळली जाणारी रीत आहे. त्यांनी हात सोडला नाही, कारण पुढचे गाणे साल्साचे होते आणि ते त्यांचे आवडते होते. ती म्हणाली, “सर, मी जरा पाणी पिऊन येते.” उत्तर आले, “अगं, हे झाल्यावर पी.” त्या साल्साच्या शेवटच्या ठोक्यावर त्यांनी काहीही न विचारता तिला डिपमध्ये घेतले, म्हणजे कमरेपासून मागे झुकवले. तिला डिप शिकवलेला नव्हता. तिचे सगळे वजन त्यांच्या हातावर गेले आणि पावडरीवर तिचा उजवा पाय घसरून पाऊल आत मुडपले. त्याच वेळी शेजारच्या जोडीतल्या एकीची उंच टाच तिच्या हाताच्या पंजावर पडली.

पहिला प्रतिसाद

प्रथमोपचार चांगला झाला, हे सांगायला हवे. एका स्वयंसेवकाने कॅफेच्या स्वयंपाकघरातून बर्फ आणून कापडात गुंडाळून घोट्यावर धरला, पाय खुर्चीवर उंच ठेवला, क्रेप बँडेज बांधले आणि तिला चार पावले टाकता येतात की नाही हे पाहिले. पाऊल टाकताच येत नसेल तर हाड मोडल्याची शंका घेऊन एक्स-रे काढायला पाठवायचे, एवढे त्याला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी घोट्याच्या बाहेरील अस्थिबंध ताणल्याचे निदान केले आणि तीन आठवडे नाचायला मनाई केली.

स्वयंसेवकाने विचारले, “काय झालं?” ती म्हणाली, “पाय घसरला.” ते गृहस्थ तिच्या खुर्चीशेजारीच काळजीने उभे होते. त्यांच्यादेखत ती दुसरे काय सांगणार, हे त्या गडबडीत कोणाच्या मनात आले नाही. आयोजकांनी पावडर टाकणाऱ्याला शोधून खडसावले. नंतर निव्वळ आपुलकीने ते त्या गृहस्थांना म्हणाले, “तुम्ही वाकडकडेच जाता ना, हिला घरापर्यंत सोडा.” नको, मी रिक्षा बोलावली आहे, असे ती म्हणाली. रिक्षा बोलावलेली नव्हती. ती लिफ्टने खाली गेली आणि इमारतीच्या फाटकापाशी, दुखऱ्या पायावर उभी राहून, वीस मिनिटे रिक्षाची वाट पाहत राहिली. चौकशीत ऐकलेल्या सगळ्या गोष्टींपैकी हीच मला अजून बोचते. अपघात झालेल्या व्यक्तीला बाजूला, एकटीला, तिच्या ओळखीच्या स्त्रीसमोर विचारायचे आणि घरी कोणाबरोबर जायचे हे तिच्याकडूनच ऐकायचे, यासाठी ना पैसे लागतात ना प्रशिक्षण.

व्हॉट्सॲपवरचे तीन दिवस

बुधवारी तिने शिक्षिकेला अकरा ओळींचा संदेश पाठवला. तो ग्रुपवर टाकलेला नव्हता, फक्त शिक्षिकेला होता. शिक्षिकेने तो आयोजकांना पुढे पाठवला, आयोजकांनी सल्ल्यासाठी दोन जुन्या मंडळींना, आणि रात्री अकराच्या सुमारास दीडशेच्या आसपास सदस्यांच्या ग्रुपवर कोणीतरी नाव न घेता, पण सगळ्यांना कळेल असे एक सूचक वाक्य लिहिले. त्यानंतर जे झाले ते पुण्यात, आणि बहुधा सगळीकडेच, अपेक्षित होते. ‘तो तसा नाही’, ‘इतकी वर्षं ओळखतो’, ‘नाचायला आलं की हात लागणारच’, आणि एका सद्गृहस्थांचे ‘सोवळंच पाळायचं असेल तर घरी बसावं’. दुसऱ्या बाजूने नाव आणि फोटो जाहीर करण्याची मागणी झाली, जुन्या संदेशांचे स्क्रीनशॉट फिरू लागले, आणि कोणीतरी मानहानीच्या खटल्याची भीती घातली. ती भीती अगदी निराधार नव्हती. भारतीय न्याय संहितेत मानहानी हा गुन्हा आहेच. मात्र अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार हा त्याला अपवाद आहे. म्हणजे तक्रारदाराने जे केले ते कायद्याच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित होते, आणि ग्रुपवर दोन्ही बाजूंनी जे चालले होते ते सर्वांत असुरक्षित.

“तो तसा नाही” या वाक्याबद्दल थोडे. हे वाक्य खोटे असतेच असे नाही. ते फक्त विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नसते. तिने त्यांच्या स्वभावाविषयी काहीच लिहिले नव्हते. दोन गाण्यांत काय घडले एवढेच लिहिले होते.

चौकशी

शुक्रवारी आयोजकांनी ग्रुप बंद केला आणि तिघांना विनंती केली. एक वकील होत्या, ज्यांचा नृत्याशी संबंध नव्हता. दुसरे शहराच्या दुसऱ्या टोकाच्या गटातले, बरीच वर्षे लीड करणारे गृहस्थ. तिसरी मी. तक्रारदार तरुणीला प्रथम, स्वतंत्रपणे, वकिलांच्या शिवाजीनगरच्या कार्यालयात भेटलो. तिच्यासोबत तिची मावशी होती. घटना कोणत्या क्रमाने घडली, तिला आता काय हवे आहे आणि ही माहिती कोणापर्यंत गेलेली तिला चालेल, एवढेच विचारले. तिला दोनच गोष्टी हव्या होत्या. त्या गृहस्थांनी नवशिक्यांच्या वर्गात मदतीला उभे राहू नये, आणि त्या गाण्याचे कोणी चित्रीकरण केले असेल तर ते फिरू नये.

वकिलांनी तिला कायद्याची बाजू शांतपणे सांगितली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम ७४ आणि ७५ स्त्रीच्या विनयभंगाविषयी आणि लैंगिक छळाविषयी आहेत, आणि त्याखाली फिर्याद देण्याचा मार्ग आमच्या चौकशीमुळे बंद होत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीचा २०१३ चा कायदा नोकरदार स्त्रीपुरताच आहे असा समज आहे, पण त्यातल्या पीडित महिलेच्या व्याख्येत नोकरीत नसलेली स्त्रीही येते. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणांसाठी जिल्हा पातळीवरची स्थानिक समिती असते, आणि तक्रारीची मुदत सर्वसाधारणपणे तीन महिन्यांची असते. पैसे घेऊन वर्ग चालवणारी जागा ही शिक्षकांचे कामाचे ठिकाण आहे. पण मदतनीस विद्यार्थी तिथे कोणत्या नात्याने येतो यावर युक्तिवाद होऊ शकतो, हेही त्यांनी लपवले नाही. तिने फिर्याद न देण्याचा निर्णय घेतला. तो तिने स्वतः घेतला, आणि पुढे विचार बदलला तर आयोजक सहकार्य करतील असे तिला लेखी दिले. ‘कशाला वाढवतेस’ असे कोणीही म्हणायचे नाही, हे आम्ही आयोजकांना आधीच बजावले होते.

नंतर ते गृहस्थ भेटले. मला वाटले होते ते चिडतील. ते खचलेले होते. त्यांनी तिच्या निवेदनातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट मान्य केली. जवळ घेतले, दुसरे गाणे लगेच केले, डिप दिला. फक्त एक वाक्य ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, “पण ती एकदाही ‘नाही’ म्हणाली नाही हो.”

हे खरे होते. ‘नाही’ हा शब्द तिने उच्चारलेला नव्हता. वकिलांनी तेव्हा कागदावर एकाखाली एक ओळी लिहिल्या. हात ताठ केला. पुन्हा ताठ केला. ‘जरा लांबून करूया का’. ‘पाणी पिऊन येते’. आपल्याकडे मोठ्या माणसाला, त्यातून ‘सर’ म्हणतो त्याला, तोंडावर ‘नाही’ म्हणण्याची शिकवणच नसते. ‘बघू’, ‘राहू दे’, ‘जरा थांबते’, ‘आत्ता नको’ हीच आपली नकाराची भाषा आहे. जेवणाच्या पंगतीत पानावर आडवा धरलेला हात म्हणजे ‘आता वाढू नका’ हे वाढणाऱ्याला कळते, तिथे कोणी शब्दाची मागणी करत नाही. आग्रह करणाराही तो हात पाहूनच आग्रह करतो, न कळल्यामुळे नव्हे. गृहस्थांनी यावर सांगितले, की नाचताना हात ताठ झाल्याचे आपल्याला जाणवलेच नसेल.

येथे आमच्यातल्या लीड करणाऱ्या सदस्याने, जे तोपर्यंत त्यांच्याच बाजूचे वाटत होते, एकच प्रश्न विचारला. “जाणवलं नाही, तर मग तुम्ही तिला ‘हात सैल सोड’ असं का सांगितलंत?”

बराच वेळ कोणी बोलले नाही.

या प्रकरणाचा गाभा माझ्या मते त्या वाक्यात आहे. त्यांना नकार जाणवला होता. पण ते त्या क्षणी जोडीदार नव्हते, शिक्षक होते, आणि शिक्षकाला विद्यार्थिनीच्या हातातला ताठपणा ही तंत्रातली चूक दिसते. चूक दिसली की दुरुस्त करायची, ही वर्गातली सवय. सोशलमध्ये न मागता शिकवू नये असा जो शिष्टाचार आहे, तो आजवर मला केवळ मानापमानाचा वाटत होता. गाणे चालू असताना दुसऱ्याला त्याच्या चुका सांगणे उद्धटपणाचे, एवढाच त्याचा अर्थ मी घेत होते. या चौकशीत कळले की तो सुरक्षिततेचा नियम आहे. शिकवणारा माणूस समोरच्याच्या शरीराचे म्हणणे ऐकत नाही, तो ते तपासतो. आणि एकदा ‘सैल सोड’ म्हटल्यावर तिच्याजवळ असलेले अंतर राखण्याचे एकमेव साधन तिच्याच वर्गातल्या अधिकाराने काढून घेतले गेले.

हेतूविषयी आम्ही निष्कर्ष काढला नाही. जोडीनृत्यात चुकून लागलेला हात आणि मुद्दाम लावलेला हात बाहेरून बऱ्याचदा सारखेच दिसतात, आणि हेतू सिद्ध होईपर्यंत थांबायचे ठरवले तर आयोजक कधीच काही करणार नाहीत. चुकून लागलेला हात लगेच निघतो आणि पुन्हा लागत नाही, एवढाच फरक पाहता येतो. एका उपस्थिताच्या फोनवर त्या गाण्याची चाळीस सेकंदांची चित्रफीत होती. ती त्याच्याच फोनवर, तिच्या परवानगीने, आम्ही पाहिली आणि त्याने आमच्यासमोर पुसून टाकली. तिच्यात कोपर दोनदा ताठ होताना स्पष्ट दिसत होते.

डिपचा विषय मात्र हेतूशिवायच निकालात निघाला. डिप सुरक्षित असतो तो फॉलो करणारी व्यक्ती स्वतःचे बरेचसे वजन स्वतःच्या पायावर ठेवते म्हणून. लीडने गुडघे वाकवून खाली जायचे असते, कमरेतून वाकायचे नसते, आणि आधार खांद्याच्या पात्याखाली द्यायचा असतो. न शिकलेल्या व्यक्तीला न सांगता झुकवले तर तिचे शरीर घाबरून आखडते आणि सगळा भार लीडच्या मनगटावर व कमरेवर येतो. म्हणजे दोघांनाही धोका, आणि गर्दीत शेजारच्यांनाही. आपल्याकडे मंगळागौरीत खेळली जाणारी फुगडी आठवावी. हातात हात गुंफून, पाय जुळवून, मागे झुकून दोघी गरगरतात आणि एकमेकींच्या वजनावर उभ्या असतात. तिथे कोणीही न सांगता वेग वाढवत नाही, आणि एकीने ‘पुरे’ म्हटले की दुसरी हात सोडत नाही, आधी वेग कमी करते. जोडीनृत्य आपल्याला परके नाही. त्यातली समज आपण फक्त गच्चीवर आणायला विसरलो.

जे आधीच ठाऊक होते

चौकशी सुरू असल्याचे कळल्यावर आणखी तीन जणींनी स्वतःहून संपर्क साधला. तिघींचे अनुभव गेल्या दोन वर्षांतले आणि याच धाटणीचे होते. तिघींनीही त्या वेळी कोणाला तरी सांगितलेले होते. एकीने डीजेला, एकीने शिक्षिकेला, एकीने स्वयंसेवकाला. तिन्ही वेळा उत्तर सहानुभूतीचे होते, “मग त्यांच्याबरोबर नाचू नकोस.” त्या नाचल्या नाहीत आणि आपापल्या मैत्रिणींनाही त्यांनी सावध केले. ज्यांना मैत्रिणी नव्हत्या, म्हणजे ज्या नव्याने आल्या होत्या, त्यांच्यापर्यंत ही कुजबुज पोहोचली नाही. माहिती तीन वेगवेगळ्या डोक्यांत राहिली, आणि प्रत्येकाला वाटत राहिले की आपल्या कानावर आलेला हा पहिलाच प्रसंग आहे.

निर्णय

आम्ही शिफारस केली की त्यांना सहा महिने सोशलमध्ये प्रवेश नसावा आणि मदतनीस म्हणून पुन्हा कधीही उभे करू नये. माफी मागायला लावली नाही. जबरदस्तीची माफी तक्रारदाराला ऐकून घ्यावी लागते, ती तिला नको होती. त्यांचे म्हणणे त्यांनी लेखी द्यावे आणि ते निर्णयासोबत जपावे असे ठरले, तसे त्यांनी दिले.

निर्णय एकमताने झाला नाही. तोच ‘हात सैल सोड’चा प्रश्न विचारणारे आमचे सदस्य केवळ ताकीद द्यावी या मताचे होते. दोन वर्षे ज्याला कोणी एका शब्दाने टोकले नाही त्याला एकदम बाहेर काढणे न्याय्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मला त्यात तथ्य वाटते. मात्र ते आयोजकांच्या चुकीचे वर्णन आहे, आणि त्या चुकीची किंमत पुढच्या नवशिक्या मुलीने का मोजावी, याचे उत्तर त्यात नाही. त्यांचे भिन्नमत आम्ही निर्णयाखाली जसेच्या तसे लिहिले.

नंतर काय बदलले

सोशलच्या दाराशी पूर्वी एक पाटी होती, ‘कृपया शिस्त पाळावी’. पाट्यांच्या या शहरात पाटी लावली की प्रश्न सुटला असे वाटते, पण शिस्त म्हणजे नेमके काय हे त्या पाटीला तरी कुठे ठाऊक होते. आता पाटी नाही. आठ वाजता पहिल्या गाण्याआधी शिक्षिका दोन मिनिटे बोलतात आणि एका जोडीला उभे करून दाखवतात. हात पुढे करण्याऐवजी तोंडाने विचारायचे. बचाताला ‘जवळून की लांबून?’ असे विचारायचे, आणि उत्तर गाण्याच्या मध्येही बदलू शकते. हात ताठ झाला की मागे व्हायचे, कारण विचारायचे नाही. डिप फक्त विचारून, आणि नऊनंतर तर नाहीच. गाणे संपले की हात सोडायचा. तिला किंवा त्याला दुसरे गाणे हवे असेल तर थांबता येते.

विचारण्याच्या पद्धतीबद्दल टँगोवाल्यांचे उदाहरण कोणीतरी पुढे आणले. अर्जेंटिना-उरुग्वेच्या त्या परंपरेत दुरूनच नजर मिळवायची आणि मानेने होकार घ्यायचा असतो, त्याला कबेसेओ म्हणतात. नजर न मिळवणे हाच नकार, त्यामुळे कोणाचा चारचौघांत अपमान होत नाही. रीत सुंदर आहे. आमच्या गच्चीवर दिवे इतके मंद होते की कोण कोणाकडे पाहते आहे ते कळत नव्हते, म्हणून दिवे वाढवले. नजरेची रीत काही रुजली नाही, पण वाढवलेले दिवे राहिले.

बाकीचे बदल लहान आहेत. पावडर बंद, मोठी अंगठी आणि घड्याळ काढून ठेवणे, घाम येणाऱ्यांनी जादा शर्ट आणि रुमाल आणणे. साडेनऊनंतर फ्लोअरवर एका वेळी चौदा जोड्या, बाकीच्यांनी पुढच्या गाण्याची वाट पाहायची. याला सर्वांत जास्त विरोध झाला. दोन स्वयंसेवकांच्या दंडाला पिवळी फीत असते आणि त्यांपैकी एक नेहमी स्त्री असते. त्यांनी तक्रारीत काय विचारायचे, काय विचारायचे नाही, आणि गरज पडली तर ११२ ला फोन कोणी करायचा हे ठरलेले आहे. आणि एक वही आहे. साधी, दोनशे पानी. कोणीही काहीही सांगितले तरी तारीख, काय घडले आणि काय केले, एवढे तिच्यात लिहायचे, विशेषणे लिहायची नाहीत. ती आयोजकांकडे नसते, शिक्षिकेकडे कुलुपात असते.

तरुणी दीड महिन्याने वर्गात परतली. आता ती लीड शिकते आहे. सोशलला अजून येत नाही.

ते गृहस्थ सहा महिन्यांनंतर आमच्याकडे आले नाहीत. शहराच्या पूर्व भागातल्या एका गटात ते जाऊ लागल्याचे कळले, आणि गेल्या महिन्यात त्या गटाच्या आयोजकांचा आमच्या शिक्षिकेला फोन आला. हे गृहस्थ नवशिक्यांच्या वर्गाला मदत करायला तयार आहेत, असे त्या आयोजकांनी सांगितले आणि विचारले, “तुमच्याकडे बरीच वर्षं होते ना ते? माणूस कसा आहे?” शिक्षिकेने थोडा वेळ मागितला आणि तक्रारदार तरुणीला फोन करून तिची परवानगी घेतली. मग कपाटातून वही काढून, तरुणीचे नाव वगळून, त्या तारखेची नोंद आणि तिच्याखालचे त्या गृहस्थांचे लेखी उत्तर, दोन्ही फोनवर वाचून दाखवले.